अंगणातले सुरक्षादिवे : वायरिंग, अर्थिंग आणि पावसाचं पाणी

जांभाचिरा

पावसाळा तोंडावर आलाय. त्याआधी अंगणातल्या दिव्यांचं जुनं वायरिंग काढून नवं करायचं आहे. आराखडा देतो, जाणकारांनी त्यातल्या चुका दाखवाव्यात.

घर रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर. जमीन जांभ्याची, भोवती चिऱ्यांचा गडगा. सिंगल फेज मीटर, घरात इन्व्हर्टर आहे. भिंतींवर २० वॅटचे तीन एलईडी फ्लड लावायचेत, त्यातला मागच्या पडवीवरचा पीआयआर सेन्सरवर (माणसाची हालचाल ओळखून दिवा लावणारा). फाटकाच्या दोन खांबांवर ९ वॅटचा एकेक दिवा. डीबीपासून (घरातला स्विचांचा मुख्य डबा) फाटक ४० मीटर. सगळे मिळून ७८ वॅट, म्हणजे अर्धा अँपिअरसुद्धा नाही.

ठरवलंय ते असं : ६ अँपिअरचा एक एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच), १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, फाटकापर्यंत पीव्हीसी पाइपातून फूटभर खोल. दिवे आयपी ६५ चे (धूळ-पाणी आत न जाणारे) आणलेत. डीबीत आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) नाही. एवढ्याशा लोडला त्याची गरज आहे का?

---

मेगर५००

लोड किती आहे यावर आरसीसीबीची गरज ठरत नाही. खालचा हिशोब बघा.

समजा फाटकावरच्या दिव्यात पाणी गेलं आणि फेज त्याच्या धातूच्या बॉडीला लागला. बॉडी अर्थ केलेली आहे. करंट बॉडीतून अर्थिंगच्या पाइपात, तिथून मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत जातो. जांभ्यात उन्हाळ्यात घरगुती अर्थिंगचा रोध ५० ओहम असणं काही नवल नाही. २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. तुमचा एमसीबी ६ अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने हा रोजचाच लोड आहे, तो रात्रभर पडणार नाही.

सी कर्व्हचा, म्हणजे जास्तीत जास्त दहापट करंटला झटक्यात पडणारा, ६ अँपिअरचा एमसीबी पडायची खात्री हवी असेल तर ६० अँपिअर लागतात. त्यासाठी फेज ते अर्थ हा सगळा फेरा ३.८ ओहमच्या आत हवा. घरच्या पाइप अर्थिंगवर कोकणात हे जवळजवळ अशक्य आहे.

आणि एमसीबी पडला नाही तर ती बॉडी जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर राहते. तेवढ्यावर भागत नाही. घरातली हिरवी वायर सगळीकडे एकच असते. फाटकावरच्या दिव्यातला दोष त्या वायरीतून फ्रिजच्या दारावर, गीझरच्या नळावर, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येतो. अर्थिंग केलंय म्हणून निर्धास्त असलेल्या घरात हे घडतं.

त्याच ५० ओहमवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर बॉडीवर दीड व्होल्ट येईपर्यंत तो पडलेला असतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, आरसीसीबी माणूस मरू नये म्हणून. एकाचं काम दुसरा करत नाही.

दिव्यांसाठी वेगळा आरसीबीओ घ्या. त्यात दोन्ही कामं एकत्र होतात. ६ किंवा १० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. ए टाइप मिळाला तर तोच घ्या. एलईडीच्या ड्रायव्हरमधून गळणारा करंट निव्वळ एसी असेलच असं नाही, आणि एसी टाइपला तो नीट कळत नाही. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा घेऊ नका. तो आगीपासून वाचवायला असतो, माणसाला नाही.

आख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल तर पहिल्या मोठ्या पावसात अंगणातल्या दिव्यापायी फ्रिजसकट घर अंधारात जातं. मग कुणीतरी वैतागून आरसीसीबीच बायपास करतो. म्हणून वेगळा.

---

सर्किट

मेगर५०० यांच्याशी पूर्ण सहमत. अर्थिंगबद्दल थोडं.

अर्थिंग मे महिन्यात मोजा. जुलैत जमीन भिजलेली असते, आकडा फसवा येतो. अर्थ टेस्टरने दोन खुंट्या ठोकून मोजायचं. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून तो नीट पेटला की अर्थिंग झकास, ही पद्धत सोडून द्या. बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही, ५० ओहमच्या अर्थिंगवरही तो छान पेटतो.

जमिनीतला पाइप इलेक्ट्रोड असेल तर जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा), निदान अडीच मीटर लांबीचा. मध्ये कातळ लागला तर आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) प्रमाणे तो उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत तिरका घालता येतो. एकाने भागलं नाही तर दुसरा पाइप घाला, पण दोघांत निदान एका पाइपाच्या लांबीइतकं अंतर ठेवा. जवळजवळ ठोकलेले दोन पाइप जवळपास एकाचंच काम करतात. मीठ-कोळसा भरल्यावर रोध उतरतो, पण मिठाने पाइपही खातो. वरचा क्लॅम्प दरवर्षी उघडून पाहायचा.

एक गोष्ट अजिबात करू नका : दिव्याची हिरवी वायर न्यूट्रलला जोडणं. "शेवटी दोन्ही जमिनीतच जातात" असं सांगून हे केलं जातं. खांबावर न्यूट्रल तुटला की घरातल्या चालू उपकरणांतून येणारा फेज त्या न्यूट्रलवर चढतो आणि दिव्याच्या बॉडीवर थेट येतो. त्या वेळी दिवा बंद असला तरी.

---

वळचण

आयपी ६५ वर फार विसंबू नका. तो आकडा दिव्याच्या डब्याचा आहे. दिव्यातून जी फूटभर शेपटी बाहेर येते तिच्या जोडाचा नाही. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा त्या जोडातून.

कसं शिरतं ते सांगतो. शेपटीत बारीक तारांची जुडी असते. तिचं टोक ओल्या जागी उघडं राहिलं की पाणी त्या तारांच्या फटींतून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं चढतं आणि काच-रबर सगळं शाबूत असताना थेट ड्रायव्हरपर्यंत पोचतं. दुसरं, दिवा चालू असताना आतली हवा तापते. पावसाची सर आली की बॉडी एकदम गार होते, आतली हवा आकसते आणि जिथे फट असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढून घेते. दिवा उघडल्यावर काचेच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात ते असे.

म्हणून जोड टेपने नाही, डब्यात. आयपी ६५ किंवा ६६ चा जंक्शन बॉक्स घ्या आणि :

वायर खालूनच आत घ्या, वरून कधीच नाही. बाजूने घ्यावी लागली तर आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकेल.

एका ग्लँडमधून (वायर डब्यात शिरते तिथे तिला घट्ट धरणारी जोडणी) एकच वायर, आणि तीही गोल. ग्लँडमधलं रबर गोल वायरीभोवतीच घट्ट बसतं. चपटी ट्विन वायर घातली की दोन्ही कडांना फट राहते. वायरीचा बाहेरचा व्यास मोजून ग्लँड आणा : पीजी ९ साधारण ४ ते ८ मिलिमीटरला, पीजी ११ साधारण ५ ते १० ला.

आत टर्मिनल किंवा लिव्हरचा कनेक्टर वापरा. शेपटीच्या वायरी बहुधा पाऊण स्क्वेअर एमएमच्या असतात. १.५ च्या वायरीबरोबर त्या एकाच स्क्रूखाली घातल्या की बारीक वायर सैल राहते. टोकाला फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची छोटी नळी) दाबा.

न वापरलेली भोकं बुचाने बंद करा. मुंग्या घर करतात, पाल शिरते आणि दोन टर्मिनलवर आडवी पडून मरते. मग दिवा का उडतो ते आठ दिवस कळत नाही.

बॉक्स भिंतीला लावल्यावर वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉन फिरवा, खालची कड मोकळी ठेवा. भिंतीतून आलेलं पाणी तिथून निघून जायला हवं. सिलिकॉनही बघून घ्या. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो तांब्याला खातो. दुकानात न्यूट्रल क्युअर म्हणून मागा.

जागा निवडताना पागोळ्या कुठे पडतात ते बघा. दिवा वळचणीच्या आत, पागोळीच्या रेषेपासून हातभर भिंतीकडे. उंची १० ते ११ फूट, तोंड खाली. शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा रस्त्यावर उजेड मारू नये. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले तर तुम्हालाही त्याच्यामागे काय आहे ते दिसत नाही.

---

वऱ्हाडी_वायरमन

फूटभर खोल पीव्हीसी पाइप हा आराखड्यातला दुसरा कच्चा भाग. फावड्याच्या पहिल्याच घावाला तो लागेल.

जमिनीतून न्यायचं तर आर्मर्ड केबल (लोखंडी तारांचं कवच असलेली), तीन कोअरची, अडीच फूट खोल. खाली तीन इंच वाळू, त्यावर केबल, वर पुन्हा तीन इंच वाळू, मग आडव्या विटा, त्यावर पिवळी इशारा पट्टी आणि मग माती. विटा पुढच्या खणणाऱ्यासाठी असतात, त्याची पहार आधी विटेवर लागते.

आमच्याकडे काळ्या मातीत वेगळीच अडचण असते. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते, आणि कडक पाइप सांध्यावर तुटतो. तिथे केबल सरळ ताणून टाकत नाहीत, नागमोडी टाकतात आणि दोन्ही टोकांना मीटरभर जादा गुंडाळी ठेवतात. तुमच्या जांभ्यात हा त्रास नाही, पण अडीच फूट चर खणायचा म्हणजे कठीण. त्यापेक्षा गडग्याच्या आतल्या अंगाने, जमिनीपासून फूट-दीड फूट वर, काळ्या एचडीपीई पाइपातून न्या. पांढरा पीव्हीसी पाइप उन्हाने दोन-चार वर्षांत ठिसूळ होतो. दर अडीच फुटांवर क्लॅम्प आणि सगळ्यात खालच्या जागी पाइपाला ५ मिलिमीटरचं भोक. पाइप बाहेरून कितीही बंद केला तरी आत दमटपणाचं पाणी साठतंच. त्याला वाट ठेवलेली बरी. पाइपात जोड मात्र नको, जोड फक्त बॉक्समध्ये.

वायरीच्या जाडीचं म्हणाल तर १.५ पुरते. तिचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम. जाऊन येऊन ८० मीटर, म्हणजे एक ओहमच्या आत. फाटकावरच्या १८ वॅटला त्यात ०.१ व्होल्टही पडत नाही. पुढे फाटकाला मोटर बसवायचा विचार असेल तरच २.५ घ्या.

---

तुळशीवृंदावन

फाटकापर्यंत १२ व्होल्टची लाइन नेली तर शॉकचा प्रश्नच मिटेल ना? ॲडॉप्टर घरात राहील.

---

वऱ्हाडी_वायरमन

मिटतो, फक्त ॲडॉप्टर सुरक्षित विलगीकरणाचा, म्हणजे २३० आणि १२ व्होल्टच्या बाजू आत पूर्ण वेगळ्या ठेवणारा हवा आणि तो कोरड्या जागी हवा. पण व्होल्टेज ड्रॉप बघावा लागतो. १८ वॅट म्हणजे १२ व्होल्टवर दीड अँपिअर. त्याच एक ओहमच्या वायरीत दीड व्होल्ट जातात. दिवे पेटतील, पण मंद. २४ व्होल्ट घेतले तर करंट निम्मा आणि ड्रॉपही निम्मा. फक्त फाटकाचे दोन दिवे असतील तर हा पर्याय चांगला आहे. लहान मुलं लोखंडी फाटकावर झोके घेतात, तिथे २३० व्होल्ट नसलेलेच बरे.

---

मेगर५००

इन्व्हर्टरचा उल्लेख वाचला म्हणून दोन गोष्टी सांगतो. दोन्ही महत्त्वाच्या.

एक : मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरवरची लाइन जिवंत राहते. शिडीवर चढण्याआधी मेन, इन्व्हर्टर आणि त्या लाइनचा आरसीबीओ तिन्ही बंद करा आणि मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही जोड्या तपासा. मीटर आधी एका चालू सॉकेटवर लावून बघा, काम झाल्यावर पुन्हा बघा. निऑनच्या टेस्टरवर जीव टांगू नका. तुमच्या पायात रबरी चप्पल असेल तर जिवंत वायरीवरही तो इतका मंद पेटतो की उन्हात दिसत नाही.

दोन : बहुतेक घरांत इन्व्हर्टरचा फक्त फेज वेगळा ओढलेला असतो, न्यूट्रल सगळ्यांचा कॉमन. त्यावर आरसीबीओ बसवला की तो दिवा लावताक्षणी पडतो. कारण सरळ आहे. आरसीबीओ जाणारा आणि परतणारा करंट ताडून बघतो. जाणारा त्याच्यातून गेला आणि परतणारा दुसऱ्याच वाटेने गेला की फरक दिसतो. वस्तू खराब समजून लोक दुकानात परत नेतात. अंगणातल्या दिव्यांचा न्यूट्रल त्यांच्याच आरसीबीओच्या खालच्या टर्मिनलमधून निघाला पाहिजे आणि वाटेत दुसऱ्या कुठल्याही न्यूट्रलला शिवता कामा नये.

रंगांचंही बघा. आपल्या घरांत लाल, पिवळा, निळा हे फेज आणि काळा न्यूट्रल. दिव्याच्या शेपटीत मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. थ्री फेज घरात निळ्याला निळा जोडला की फेज न्यूट्रलच्या जागी जातो. रंगावर जाऊ नका, मीटरने ओळखा. आणि डीबीतलं हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

---

तुळशीवृंदावन

पावसात आरसीसीबी पडतो, ही तक्रार खूप ठिकाणी ऐकू येते. पण अंगणातल्या दिव्याचं बटण बंद असतानाही तो पडतो, हे कसं?

---

सर्किट

बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल दिव्यापर्यंत कायम जोडलेला असतो. जोडात पाणी शिरून न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागले की घरातल्या इतर उपकरणांचा परतीचा करंट थोडा त्या वाटेने जमिनीत जातो. ३० मिलिअँपिअर व्हायला फार काही लागत नाही. आणि ३० चा आरसीसीबी १५ ते ३० मध्ये कुठेही पडू शकतो, तसं प्रमाणच आहे. मिक्सर किंवा इस्त्री लावल्यावर तो पडला तर बहुधा हाच दोष असतो, मिक्सरचा नाही.

शोधायचं असं : आरसीसीबी बंद करा, त्याच्या खालचे अंगणाचे फेज-न्यूट्रल दोन्ही सोडवा. ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) न्यूट्रल-अर्थ, मग फेज-अर्थ मोजा. एक मेगओहमच्या वर हवं. नव्या वायरिंगला त्याच्या कितीतरी पट येतं. कमी आलं तर मधल्या बॉक्सपाशी लाइन तोडा आणि दोन्ही अर्धे वेगवेगळे मोजा. खराब अर्धा पुन्हा निम्मा करा. पाच दिव्यांच्या लाइनवर तीन वेळा मोजून जागा सापडते. पाऊस चालू असताना किंवा थांबल्याथांबल्या मोजा. दोन दिवस ऊन पडलं की जोड सुकतो आणि मेगर सगळं ठीक दाखवतो.

मेगर लावण्याआधी दिवे, सेन्सर आणि सर्ज प्रोटेक्टर सोडवायला विसरू नका. फेज-न्यूट्रलमध्ये ५०० व्होल्ट दिले तर एलईडीचे ड्रायव्हर जातात.

बटण बंद असताना दिवा मिणमिणत असेल तर बटणाने फेजऐवजी न्यूट्रल तोडलाय का ते आधी बघा. तसं असेल तर बंद दिव्यातही फेज आहे, बल्ब बदलणारा फसतो. फेज बरोबर असेल तर बहुधा बटणातला छोटा निऑन कारण असतो. त्यात धोका नाही.

---

वळचण

पीआयआर सेन्सर राहिला.

त्याला तीन वायरी असतात : फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारा फेज. बहुतेकांत तपकिरी, निळी, लाल. न्यूट्रल सेन्सरलाही लागतो, हे आधी लक्षात ठेवून वायर ओढा. सेन्सर ७-८ फुटांवर, दिवा त्याच्या वर. दिव्याचा उजेड किंवा ऊब सेन्सरवर पडली तर दिवा विझल्यावर पुन्हा स्वतःच पेटतो.

सेन्सर अंगाची ऊब आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक ओळखतो. माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला तर लगेच कळतो, सरळ त्याच्या रोखाने आला तर उशिरा. म्हणून सेन्सरचं तोंड वाटेच्या आडवं ठेवा. एसीचं आउटडोअर युनिट, बंब, हलणारी केळीची पानं समोर नकोत.

तीन नॉब असतात, त्यातले दोन महत्त्वाचे : वेळ आणि लक्स, म्हणजे किती अंधार पडल्यावर पेटायचं ते. बसवताना वेळ सगळ्यात कमी, लक्स दिवसावर, म्हणजे भरदिवसा चालून बघता येतं. विजेला जोडल्यावर पहिला मिनिटभर तो काहीही करतो, तेवढं थांबा. मग वेळ दोन-तीन मिनिटं आणि लक्स रात्रीवर.

त्यावर १२०० वॅट लिहिलेलं असलं तरी तो आकडा साध्या बल्बचा. एलईडी सुरू होताना क्षणभर नेहमीच्या अनेक पट करंट ओढतो आणि आतल्या रिलेचे संपर्क चिकटतात. दिवा मग कायम पेटलेला राहतो. एलईडीचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, तो बघा. तुमच्या एका २० वॅटला काही होणार नाही. पण पुढे पाच फ्लड त्याच सेन्सरवर टाकू नका, तेव्हा मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा लोड पेलणारा वेगळा स्विच) लागेल.

---

वऱ्हाडी_वायरमन

+१. आमच्या भागातली भर : मे महिन्यात संध्याकाळीही भिंती ३६-३७ अंशांवर असतात, म्हणजे अंगाच्या तापमानाजवळ. सेन्सरला फरकच दिसत नाही. १२ मीटर लिहिलेला सेन्सर तेव्हा त्याच्या निम्म्यावरही ओळखेल असं धरू नका. तिथे एक दिवा सेन्सरशिवाय, दिवस-रात्र ओळखणाऱ्या फोटोसेलवर ठेवा.

---

तुळशीवृंदावन

एक विनंती सगळ्यांना. कपडे वाळत घालायची तार दिव्याच्या ब्रॅकेटला, पाइपाला किंवा त्याच खांबाला बांधू नका. वाऱ्याने तार घासत राहते, वायरीचं आवरण कापलं जातं आणि ओले कपडे टाकणाऱ्या बाईच्या दोन्ही हातांत फेज येतो. तार काढून नायलॉनची दोरी बांधा. आजच.

---

जांभाचिरा

सगळ्यांचे मनापासून आभार. सुधारलेली यादी :

३० मिलिअँपिअरचा १० अँपिअर आरसीबीओ, ए टाइप, इन्व्हर्टरवरच्या लाइनला, स्वतंत्र न्यूट्रलसह. गडग्याच्या कडेने ४५ मीटर १.५ स्क्वेअर एमएम तीन कोअर आर्मर्ड केबल, एचडीपीई पाइपातून. आयपी ६६ चे पाच प्लास्टिक बॉक्स, सगळ्यांना पीजी ग्लँड. खाऱ्या हवेमुळे स्क्रू आणि क्लॅम्प एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलचे. अर्थिंगला दुसरा पाइप. शेवटी प्रत्येक दिव्याच्या बॉडीपासून अर्थ पट्टीपर्यंतचा रोध एक ओहमच्या आत, मग मेगर, मग आरसीबीओचं टेस्ट बटण.

---

मेगर५००

दोन दुरुस्त्या.

टेस्ट बटण आरसीबीओची यंत्रणा तपासतं, अर्थिंग नाही. अर्थिंग नसलेल्या घरातही बटण दाबल्यावर तो पडतो. बटण दर महिन्याला दाबा, पण पहिल्या दिवशी वायरमनकडून आरसीसीबी टेस्टर फाटकाच्या दिव्यापाशी लावून ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतो का ते बघून घ्या.

दुसरी जास्त महत्त्वाची. आर्मर्ड केबलला प्लास्टिकचा पीजी ग्लँड चालत नाही. तो आर्मरच्या तारा पकडत नाही आणि त्या अर्थलाही जोडत नाही. केबलच्या मापाचा पितळी डबल कॉम्प्रेशन ग्लँड घ्या. बॉक्स प्लास्टिकचा असल्याने ग्लँडच्या आतल्या बाजूला अर्थ टॅग बसवा आणि तिथून हिरवी वायर अर्थच्या टर्मिनलला न्या. डीबीच्या टोकालाही तसंच. नाहीतर गडग्यावरून ४० मीटर लोखंडी तारांची जाळी कशालाच न जोडलेली राहील, आणि केबलमध्ये कुठे दोष आला तर ती सगळीच्या सगळी जिवंत होईल.